उसना दगड

माझ्या बॅगेची झडती आजवर दोनच ठिकाणी झाली आहे. एक विमानतळावर आणि दुसरी हैदराबादला, तारनाक्याच्या आमच्या घरमालकांच्या व्हरांड्यात. विमानतळावरची माणसं त्यामानाने समजूतदार होती, त्यांनी फक्त नेलकटर काढून घेतलं. घरमालक काकांनी मात्र बिस्किटांचे पुडे, सुगंधी ओले रुमाल, कागदी ताटल्या, संत्री, चिवड्याची पिशवी आणि गाणी लावायचा स्पीकर असं सगळं एकेक करून सतरंजीवर मांडलं, आणि मांडून झाल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, आपण डोंगरावर चाललो का कुणाच्या लग्नाला?"

मी निसर्गप्रेमी आहे, असं मी त्यांना खोली बघायला गेले तेव्हाच सांगितलं होतं. खरं म्हणजे बँकेने लातूरहून माझी बदली हैदराबादच्या कोठी भागातल्या शाखेत केली होती, मला राहायला जागा हवी होती, आणि काकांच्या भिंतीवर डोंगराचे फोटो दिसले. त्या क्षणी भिंतीवर क्रिकेटचे फोटो असते तर मी क्रिकेटप्रेमी झाले असते. काकांनी भाडं, पाणी, पाहुणे यांतलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "जिना चढताना दम लागतो काय?" मी नाही म्हटलं. मग वरची खोली बघायला जिना चढले आणि वर पोचल्यावर बराच वेळ मला बोलता आलं नाही. खोली तरीही मिळाली. काकू नंतर म्हणाल्या, "खोटं बोलतीय हे कळलंच की त्यांना. पण दम लागणाऱ्या माणसाला चालवावं, असं त्यांचं असतंय."

काका रेल्वेतून रिटायर झालेले. मालगाडीचे गार्ड. आजोबांच्या वेळची शेती उदगीरकडे कुठेतरी होती, वडील निजामाच्या काळात इकडे आले आणि मग सगळं कुटुंब इथलंच होऊन गेलं. काकांचं मराठी आमच्या मराठवाड्याचं, पण त्यात हैदराबादी "हौ" आणि "नक्को" असे मिसळलेले, की सुरुवातीला मला वाटायचं ते गंमत करतायत. ते कधीच गंमत करत नसत. हे कळायला मला पहिला डोंगर पुरला.

गार्ड गाडीत सगळ्यात शेवटी असतो. गाडी सुटताना मागे काही राहिलं नाही ना, सगळे डबे जोडलेले आहेत ना, हे बघून त्याने हिरवा बावटा दाखवायचा, मग पुढचा ड्रायव्हर हलणार. काकांनी हीच पद्धत डोंगरावर आणली होती. सगळ्यांनी पुढे चालायचं, काका सगळ्यात मागे. जागा सोडताना आम्ही खाली वळणावर जाऊन थांबायचं आणि काका वर एकटे फिरून जमीन बघायचे. शेंगदाण्याचं एक फोलपट दिसलं तरी ते खिशात जायचं. मग खिशातून एक हिरवा रुमाल निघायचा, तो हवेत हलायचा, आणि काका वरून ओरडायचे, "लाइन क्लियर!" त्याआधी पाऊल उचललं तर ते अख्खा दिवस बोलत नसत. सिग्नल न बघता सुटलेल्या गाडीशी कोण बोलणार.

"गाडी गेल्यावर रूळ बघितलास काय कधी?" ते म्हणायचे. "एवढी मोठी गाडी जाते, आन् रूळ होता तसाच. जावं तर असं जावं."

हे ऐकायला छान वाटायचं, पण अमलात आणायला फार वाईट होतं. बिस्किटं घरीच पुड्यातून काढून स्टीलच्या डब्यात भरायची. संत्र्याची साल, चहाचा चोथा, उकडलेल्या अंड्याची टरफलं, सगळं दुसऱ्या डब्यात घालून परत आणायचं. हा दुसरा डबा घट्ट झाकणाचा लागतो, आणि तो घ्यायला मी एकदा काकांबरोबर सुलतान बाजारात गेले होते. काकांनी दुकानदाराकडून पाणी मागून घेतलं, डब्यात भरलं, झाकण लावलं आणि डबा उलटा धरून उभे राहिले. मग दुसरा डबा. मग तिसरा. दुकानदार गल्ल्यावरून बघत होता. शेवटी तो म्हणाला, "चच्चा, डब्बा लेरें की दामाद देखरें?" काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "दामाद लीक हुआ तो बेटी संभाल लेती. डब्बा लीक हुआ तो पहाड पे गिरता ना, मियाँ." आणि चौथा डबा मागितला.

डोंगरावरून आलेला चहाचा चोथा काकूंच्या कढीपत्त्याला जायचा. गल्लीत तेवढा जोमदार कढीपत्ता दुसरा नव्हता. फोडणीला हवा म्हणून शेजारणी पानं मागायला यायच्या आणि काय घालता म्हणून विचारायच्या. काकू सांगायच्या, "आमचे हे घालतात, हट्टानं."

एकदा मी म्हटलं, "काका, साल तर मातीतच जाते. उलट खतच होतं."

"हौ, जाते की," काका म्हणाले. "पण ती साल तिथल्या मातीची नव्हे. संत्रं नागपूरचं. त्या डोंगरानं मागितलं होतं काय तुला?"

तेव्हापासून मी साली पर्समध्ये घेऊन हिंडते आणि कधी कधी विसरते. पर्सला जो वास येतो त्याचं श्रेय काकांचं.

त्या डोंगराचं नाव मी इथे लिहीत नाही. काकांना ते खपणार नाही. शहराबाहेर बसने जायचं, मग थोडं रिक्षाने, मग पायी. डोंगर म्हणजे काय, तर एकावर एक ठेवलेले हत्तीएवढे दगड, मधून सीताफळाची झुडपं, आणि वर खडकातच एक कुंड, ज्यात पावसाचं पाणी पुढे बरेच महिने टिकायचं. त्या पाण्यात पाय सोडायलासुद्धा काकांची परवानगी नसे. "तुझ्या पायाला क्रीम लावलेलं असतंय," ते म्हणत. लावलेलं असायचं.

पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा मी ऑनलाइन मागवलेला भगवा तंबू मोठ्या तोऱ्यात गवतावर उभा केला. काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हा मुंग्यांचा रस्ता हाय." मी तंबू हलवला. "हितं गवत उगवू लागलंय." पुन्हा हलवला. शेवटी उघड्या कातळावर परवानगी मिळाली. कातळ जरा उताराचा होता. सकाळी काकू उठल्या तेव्हा तंबू एका झुडपाला अडकलेला होता आणि आत मी गाठोड्यासारखी तळाशी जमा झाले होते. काकांनी आधी झुडूप तपासलं. फांदी मोडली नव्हती, मग माझी चौकशी केली.

त्याच सकाळी काकूंनी मला बाजूला घेऊन एक खुरपं हातात दिलं. "घे माय. पाण्यापासून लांब जा, वीतभर खोल खण, आन् झाल्यावर माती परत लोट. कागद ठेवायचा नाही, डब्यात आणायचा." मी एम.कॉम. आहे, बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली आहे, पण या विषयाची माझी काहीच तयारी नव्हती. जिथे खणावं तिथे बोटभरावर खडक लागायचा. मी एका जागेवरून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे गेले. शेवटी काकूंची हाक आली, "विहीर खणू लागली काय गं?"

खाली शेतात माणसं होती. त्यांनीही ऐकलं असणार.

काकू नियम पाळायच्या, पण काकांसारख्या घामाघूम होऊन नव्हे. त्यांचे गुडघे दुखायचे. जमिनीवर बसलं की उठवत नसे. म्हणून कुंडाशेजारी पोचल्यावर काका सगळ्यात आधी एक काम करायचे. तिथे एक चपटा दगड आडवा पडलेला होता. तो ते दोन्ही हातांनी उचलून मोठ्या शिळेला टेकवून असा बसवायचे, की काकूंना त्यावर बसता यायचं आणि पाठ शिळेला टेकता यायची. निघताना तोच दगड परत त्याच्या खळग्यात, ओली बाजू खाली. मला ही चोरी सापडल्याचा फार आनंद झाला होता. म्हटलं, "काका, आम्हाला खडा हलवू देत नाही, आणि हे काय?"

"उसना घेतलाय," काका म्हणाले. "उसनं घेतलेलं परत करायचं असतंय. करतो की नाही परत?"

करायचे. दरवेळी करायचे. खळग्यात दगड नीट बसला की वरून हात फिरवून बघायचे.

दगडांच्या बाबतीत ते किती कडक होते ते आमच्या शाखेला विचारा. मी नवीन होते, साहेबांवर छाप पाडायची होती, म्हणून मी अख्ख्या शाखेची सहल त्या डोंगरावर नेली. काकांना विनंती केली, तुम्ही मार्गदर्शन करा. आम्ही "निसर्ग वाचवा" असं लिहिलेला मोठा फ्लेक्स नेला होता, आणि लावायला गुलमोहराची रोपं. काकांनी फ्लेक्स वाचला, गुंडाळला आणि बगलेत मारला. आमचे साहेब मोठे सज्जन. ते म्हणाले, "अंकल, झाड लगाना तो अच्छी चीज है ना?"

"अच्छी चीज है साब. तुम्हारे घर में लगाओ. यहाँ के झाडाँ ये पहाड खुद लगा लेता."

तेवढ्यात आमच्या कॅशियर मॅडमनी फोटोसाठी छोट्या दगडांची उतरंड रचली. काका तिथे गेले. रागावले नाहीत. उकिडवे बसले आणि दगड निघाले ती जागा दाखवली. ओल्या मातीत पांढरी अंडी घेऊन मुंग्यांची पळापळ चालली होती. "इनके घर का छप्पर उठाके तुम फोटू खिंचारें, अम्मा," ते म्हणाले. मग पूर्ण शाखा गुडघ्यांवर बसून कुठला दगड कुठल्या खळग्याचा ते शोधू लागली. येताना साहेब बसमध्ये मांडीवर गुलमोहर घेऊन बसले होते. तो आता एटीएमच्या शेजारी आहे आणि बरा वाढतोय. माझ्या त्या वर्षीच्या कामगिरीवर साहेबांनी काय शेरा मारला, ते इथे सांगण्याची गरज नाही.

काकूंनी ती इच्छा सांगितली तेव्हा मी तिथेच होते. दुपारची वेळ होती. धपाटे खाऊन झाले होते. काकू दगडावर बसून कुंडाकडे बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "अहो, मी गेले की मला हितंच आणून ठेवा. बासरला नको. गोदावरीला केवढी गर्दी असते."

काका डबा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "हितं मी केळ्याची साल ठेवू देत नाही. तुला कसा ठेवू?"

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले. काकाही थोडे हसले असावेत.

त्यानंतरच्या थंडीत काकू गेल्या. दवाखान्यात फार दिवस नव्हत्या. नागपूरची त्यांची मुलगी आली. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आणल्या. घरात ठेवायच्या नसतात, म्हणून लाल कापडात बांधलेलं ते बोळकं अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगलं. खाली कढीपत्त्याची कुंडी होती. काका व्हरांड्यात खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. कुणी भेटायला आलं की नीट बोलायचे, ते गेले की पुन्हा बघायचे.

मुलगी एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, आईनं तिला डोंगरावर ठेवा म्हणून तुम्हाला सांगितलं होतं. मला फोनवर पण म्हणाली होती. राखच आहे ती. मातीतच जाणार."

"साल पण मातीतच जाते," काका म्हणाले.

मुलगी आत गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "बाई, तू सांग. तू माझी सगळ्यात ढ शिष्या हायेस, तुला नियम कळत नाहीत. तुला काय वाटतं?" आयुष्यभर लोकांना शेंगेच्या टरफलावरून बोललेला माणूस. बायकोचं शेवटचं मागणं पुरवलं तर तो स्वतःच्या नजरेतून उतरणार होता, आणि नाही पुरवलं तर त्याला पुढे झोप लागणार नव्हती. अशा वेळी माणसाने काहीतरी शहाणं बोलावं. मी म्हटलं, "काका, बासर पण छान आहे हो." आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी आम्ही तिघं निघालो. निघण्याआधी काकांनी स्वतःची बॅग माझ्यासमोर सतरंजीवर ठेवली. "बघ," म्हणाले. मी कधी कुणाची झडती घेतली नव्हती. पाण्याची बाटली, धपाट्यांचा डबा, दह्याचा डबा, रिकामा डबा, आणि लाल कापडातलं बोळकं. मी सगळं परत भरलं. भरताना दह्याचा डबा उलटा गेला. काही सांडलं नाही. झाकण सुलतान बाजारचं होतं.

वर पोचल्यावर काकांनी नेहमीसारखा तो चपटा दगड उचलला आणि शिळेला टेकवून बसवला. त्यावर बोळकं ठेवलं. समोर खाली बसून आम्ही धपाटे खाल्ले. कुंडात पाणी होतं. मुलगी हळू आवाजात रडत होती, मी रडत रडत खात होते, कारण मला दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. मग काका उठले आणि त्यांनी गाठीवर हात ठेवला. गाठ अर्धी सुटली. ते तसेच थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी ती परत घट्ट बांधली.

"नक्को," ते म्हणाले. "बासरला जाऊ."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तिनं एकच गोष्ट मागितली होती."

"हौ. मागितली. आन् मी नाही म्हटलं होतं, तिच्यासमोर. ती हसली होती. आता ती नाही म्हणून हो म्हणू काय?" मग त्यांनी बोळकं छातीशी धरलं. "बघायला आणलं तिला. बघितलं तिनं."

मला त्यांचा भयंकर राग आला. वाटलं, हा माणूस नव्हेच, नियमांचं पुस्तक आहे. मूठभर राखेने डोंगराचं काय बिघडणार होतं? असं काही मी बोलणार तेवढ्यात काकांनी खिशातून हिरवा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "माझे हात मोकळे नाहीत," ते म्हणाले. "आज गार्ड तू."

ते पुढे झाले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच पुढे चालताना बघितलं. मुलगी त्यांच्या मागे गेली. मी वर एकटी राहिले.

मी त्यांच्यासारखीच वाकून जमीन बघितली. धपाट्याचे कण वेचले. एक केसांची पिन सापडली, ती माझीच निघाली. कुंडाजवळ काही नव्हतं. आता उठावं म्हणून मान वर केली आणि समोर तो दगड दिसला.

तो शिळेला टेकलेलाच होता, काकूंसाठी लावला तसा. शेजारी त्याचा खळगा उघडा पडलेला, ओला. काकांकडून तो परत ठेवायचा राहिला होता. मी पुढे होऊन दोन्ही हात दगडाला लावले. तो फार जड नव्हता. मलाही उचलता आला असता. मग मी खाली बघितलं.

काका खालच्या वळणावर उभे होते. बोळकं छातीशी, तोंड माझ्याकडे. काकांना फोलपटाचा कण दिसायचा. एवढा मोठा दगड त्यांच्याकडून राहिला होता, आणि ते काहीच ओरडत नव्हते. नुसते उभे होते, मी काय करते ते बघत.

मी हात काढून घेतले.

"काही राहिलं नाही ना?" त्यांनी खालून विचारलं.

"काही नाही, काका. लाइन क्लियर."

मी रुमाल हलवला. त्यांनी रुमालाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं नाही, आणि हळूहळू उतरायला लागले. आयुष्यात एकदाच मला गार्ड केलं होतं, आणि पहिल्याच फेरीत मी खोटा सिग्नल दिला.